सिनाच्या घरातलं पाणी

१

बुधवारी संध्याकाळी शंतनुचा फोन वाजला आणि पलीकडून सिना काय बोलतेय ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्याच्या वडिलांना, भाऊसाहेबांनाही ऐकू आलं, इतका तिचा आवाज चढलेला होता. ती कामावरून मुलांना घेऊन आली, दार उघडलं, तर घरभर पाणी. मागच्या लॉण्ड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, टबाचा नळ धो धो वाहतोय, टब भरून सांडतोय, हॉलमधलं कार्पेट चिंब, आणि त्याखालची चिपबोर्डची जमीन पुरीसारखी फुगून वर आलेली.

"मी नळ सोडला नव्हता, शंतनु," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "मुलं आधी शाळेत गेली, मग मी निघाले. मी स्वतः बघितलं होतं. सगळं बंद होतं."

शंतनुनं "येतो लगेच" म्हणून फोन ठेवला आणि पाण्याचा ग्लास उचलून नुसताच हातात धरून बसला.

आता भाडेकरणीच्या घरी नळ वाहिला तर त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण सिना नुसती भाडेकरीण नव्हती. सामोआहून आलेली बाई, नवरा केव्हाच निघून गेलेला, पदरात दोन मुलं. ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायची आणि भाड्याचा काही भाग सरकारी मदतीतून यायचा. अशा माणसाला घरासाठी कर्ज द्यायला कुठली बँक बसलीय? म्हणून २००२ साली शंतनु आणि त्याचा भागीदार ग्रॅहम यांनी हेन्डरसनमधलं हे घर तिला 'रेंट टू बाय'वर दिलं होतं. भाडं भरायचं, वर थोडं जास्त भरायचं, घराची देखभाल स्वतः करायची, आणि पाच वर्षं नीट काढली की तेव्हाच ठरवून ठेवलेल्या किमतीला घर तिचं. पाच वर्षं एक हप्ता न चुकवल्यामुळे आता बँकही कर्ज द्यायला तयार झाली होती. पुढच्या शुक्रवारी मुदत पुरी होत होती.

मधल्या काळात ऑकलंडमध्ये घरांच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. आणि करारात एक अट होती. भाडेकरूच्या हलगर्जीपणानं घराचं मोठं नुकसान झालं, तर विकत घ्यायचा हक्क गेला.

भाऊसाहेबांनी पुण्यात सगळी नोकरी एका विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून काढली होती. आगी, पूर, पडलेल्या भिंती. नुकसान बघायचं आणि ते कशानं झालं ते सांगायचं. त्यांना हा योगायोग काही पचेना.

"हे कुणीतरी मुद्दाम केलंय," ते म्हणाले. "बाईच्या तोंडचा घास काढायला."

समोर त्यांच्या पत्नी वनिताबाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. दुपारी गार्गीनं, म्हणजे सुनेनं, त्यांना डोळे तपासायला नेलं होतं आणि थेंब घातल्यापासून त्यांना उजेड सोसत नव्हता. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि उठून आत गेल्या.

"बाबा, प्लीज, तुम्ही यात पडू नका," शंतनु म्हणाला. असं म्हणताना त्यानं वडिलांकडे बघितलं नाही. लहानपणी काही लपवायचं असलं की तो असाच मीठदाणीकडे बघत बसायचा.

२

पडू नका म्हटल्यावर न पडणारे भाऊसाहेब नव्हेतच. दुसऱ्या दिवशी नाश्ता होताच ते चालत सिनाकडे निघाले. तिचं घर कोपरा वळून पलीकडच्या रस्त्याला. फाटकासमोर रस्ता नुकताच खणून बुजवलेला दिसत होता. ओल्या डांबराला चप्पल चिकटली, तेव्हा त्यांनी इथल्या रस्तेवाल्यांना मनातल्या मनात पुणेरी भाषेत दोन शब्द सुनावले.

सिनानं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण तिनं "किआ ओरा, पापा" म्हणून हसायचा प्रयत्न केला. भाऊसाहेब तिचे पापा आणि वनिताबाई तिच्या मामा. आपल्याला कुणी मामा म्हणतं याचं वनिताबाईंना पहिले काही दिवस फार हसू यायचं. शंतनुच्या घरामागे सगळं लाकडी डेक, मूठभर माती नाही. म्हणून सिनानं आपल्या मागच्या अंगणातला एक वाफा त्यांना देऊन टाकला होता. रोज जेवण झालं की वनिताबाई तिथे जायच्या, पाणी घालायच्या आणि मेथी-कोथिंबीर निवडून, स्वच्छ धुऊन घरी आणायच्या. या देशात त्या एकट्या जायच्या अशी तेवढी एकच जागा.

"कशाला हात लावलास का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नळ बंद केला. पाणी उपसलं. लॉण्ड्रीतलं बाकी सगळं आहे तसंच आहे. दमून गेले, पापा."

भाऊसाहेबांची एक रीत होती. आधी वस्तूंशी बोलायचं, मग माणसांशी. ते लॉण्ड्रीत उभे राहिले. टब चांगला खोल होता. त्याचं रबरी बूच साखळीला लटकत होतं, टबाच्या बाहेरच्या बाजूला. मग पाणी अडलं कशानं? टबात नळाखाली एक निळी बादली होती, काठोकाठ भरलेली. त्यांनी ती जोर लावून उचलली, तशी खालच्या भोकातून टबातलं उरलेलं पाणी गुरगुरत निघून गेलं. बादलीचं बूड बरोब्बर त्या भोकावर बसलं होतं.

आणि कोपऱ्यात दोन मोठी पातेली आडवी पडलेली.

"ही इथे कशी?"

"वाहत आली असतील."

"तुझी पातेली असतात कुठे?"

"किचनमध्ये. वरच्या कपाटात," म्हणून सिना एकदम थांबली.

"सिना, वरच्या कपाटातनं कुणी वाहत येतं का गं? बरं, घरात येऊ कोण शकतं?"

"शंतनुकडे किल्ली आहे, ग्रॅहमकडे आहे. मागच्या दाराची एक कुंडीखाली असते. ती सगळ्यांनाच माहीत आहे."

"तुझा संशय कुणावर?"

"कुणावर नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

भाऊसाहेबांना हे विचित्र वाटलं. ज्या बाईचं घर हातचं चाललंय, तिनं निदान ग्रॅहमला तरी चार शिव्या घालायच्या. ही मात्र तोंडाला कुलूप लावून फरशी पुसत राहिली. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं आणि ग्रॅहम आला.

३

ग्रॅहम मोठ्या आवाजाचा गडी. शॉर्ट्स, जँडल्स म्हणजे रबरी चपला, आणि दर वाक्याला 'मेट'. अशी चार-पाच घरं त्यानं सिनासारख्यांना दिलेली होती आणि आपण समाजसेवा करतो असं तो बार्बेक्यूला सांगायचा. घरभर फिरून त्यानं फोटो काढले, फुगलेल्या जमिनीवर टाच दाबून बघितली आणि सिनाला म्हणाला, "सॉरी, डार्लिंग. पण करार म्हणजे करार."

भाऊसाहेबांनी त्याला बाहेर अंगणात गाठलं.

"काल तू इथे आला होतास?"

"आलो होतो की. सकाळी उशिरा, व्हॅल्युअरला घेऊन. बाहेरनंच घर दाखवलं आणि निघालो."

"घर ठरल्या किमतीला तिला द्यायचंय. मग आजची किंमत कशाला बघायची?"

ग्रॅहम हसला, पण कान लाल झाले. "बघायला काय जातं, मेट? पाच वर्षांपूर्वी आम्ही जो आकडा लिहिला ना, तो आता जोक वाटतो. ती घर नको म्हणाली असती, तर हीप्स, ढिगानं पैसे मिळाले असते. पण पाणी मी नाही सोडलं. माझ्याच जमिनीची वाट मी कशाला लावू? मला तिला घालवायचं असतं तर तिच्या बागेतल्या गवताच्या उंचीवरनंसुद्धा कटकट केली असती."

याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. भाऊसाहेबांनी जन्मभर खोटे क्लेम बघितलेले. विम्यासाठी स्वतःचं गोदाम जाळणारे लोक आधी आतला माल काढून घेतात. स्वतःच्या घराची जमीन फुगवणारा माणूस त्यांनी अजून बघितला नव्हता. पण किंमत दुप्पट झाली असेल, तर एका जमिनीचं काय घेऊन बसलात?

"मग कुणी सोडलं?"

ग्रॅहम गाडीत बसला, काच खाली केली आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मला विचारता, भाऊ? तुमच्या मुलाला विचारा ना, काल तो ऑफिस सोडून कुठे होता. मी फोन केला तेव्हा तो डेस्कवर नव्हता."

४

भाऊसाहेबांना तडक घरी जायचं होतं. पण पाय शेजारच्या घराकडे वळले, कारण कुंपणापलीकडे कॉलिन नावाचे पेन्शनर गृहस्थ गुलाबांची छाटणी करायच्या निमित्तानं सगळं ऐकत होते. जगात कुठेही जा, असा एक शेजारी असतोच, आणि सर्व्हेअरच्या दृष्टीनं तो देवमाणूस.

"कालचा दिवसच भिकार," कॉलिन म्हणाले. "सकाळी मुख्य पाईप फुटला, रस्ता खणून ठेवला. दुपार टळेपर्यंत मला चहा नाही. मग पाणी सोडून, रस्ता बुजवून ते लोक जातात न जातात तोच ही सिना येऊन आरडाओरडा करायला लागली."

"तिच्याकडे कुणी आलेलं पाहिलंत?"

"तो लाल तोंडाचा आला, घराकडे बोट दाखवत उभा राहिला, गेला. मग जेवायच्या वेळेला तुमचा मुलगा आला. पायरीवर बराच वेळ उभा होता. मग मी आत गेलो डुलकी काढायला." कॉलिननी कात्री थांबवली. "तुमची मिसेस रोज येते, तिचं काही धरत नाही मी."

भाऊसाहेब घरी आले ते शंतनु ऑफिसमधून परत येईपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत. तो आल्यावर त्यांनी त्याला डेकवर नेलं आणि दार लावून घेतलं.

"तू काल सिनाच्या दारात काय करत होतास?"

शंतनु रेलिंगला टेकला. चाळिशीचा मुलगा, पण त्या क्षणी तो दहावी नापास झाल्यासारखा दिसत होता.

"तुम्हाला वाटतंय मी नळ सोडला?"

"मला काय वाटतंय ते राहू दे. तू सांग."

"ग्रॅहम महिनाभर मागे लागला होता, बाबा. तिला काहीतरी रक्कम देऊ, आपणहून बाहेर पडायला सांगू. आमच्या घराचं लोन आहे, दोन इन्कम असूनसुद्धा ओढाताण होते. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? काल ते सांगायलाच गेलो होतो. ती घरी नसणार हे माहीत होतं, म्हणजे मला काय करायचं होतं कोण जाणे. पायरीवर उभा राहिलो. दाराशी तिच्या पोरांचे बूट ओळीनं लावलेले होते. परत फिरलो."

"आत गेलास?"

"नाही."

"पाण्याचा आवाज?"

"चिडीचूप होतं सगळं. बाबा, शपथ." मग तो हळूच म्हणाला, "पण आता आपोआपच सगळं तसं झालंय. ग्रॅहम म्हणतो, कॅन्सल करू. करारावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे त्यालाही दोघांच्या सह्या लागणार. तिचीच चूक असेल, तर मी नाही कसं म्हणू?"

भाऊसाहेबांना मुलाची दयाही आली आणि संतापही आला. खरं बोलतोय असं बापाचं मन म्हणत होतं. पण बापाच्या मनाचा दाखला कोण मानतो? त्यांनी स्वतःसुद्धा कधी मानला नसता.

५

रविवारी सकाळी वनिताबाईंनी पोहे केले. भाऊसाहेबांनी दोन घास खाल्ले आणि चमचा थांबला. कोथिंबीर जून, काड्या जाड, वासाचा पत्ता नाही.

"ही कुठली कोथिंबीर?"

"गार्गीनं आणली. दुकानातनं," वनिताबाई गॅसकडे तोंड करून म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली आणि काही न बोलता चपला घातल्या. सिनाच्या घरामागच्या अंगणात जाऊन ते वाफ्यापाशी उभे राहिले. मेथी माना टाकून पडली होती, कोथिंबिरीला फुलं आली होती. ज्या वाफ्यासाठी वनिताबाई सर्दी-तापातसुद्धा घरात थांबत नसत, त्याला बुधवारपासून कुणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं.

तिथल्याच दगडावर ते बसले आणि मनातल्या मनात रिपोर्ट लिहायला लागले. घर बुडवायचं असेल त्यानं काय केलं असतं? बूच घातलं असतं. बूच तर साखळीला बाहेर लटकत होतं. मग नळाखाली बादली कोण ठेवतं? ज्याला पाणी हवंय तो. शेजारी पातेली कोण मांडून ठेवतं? ज्याला पुष्कळ पाणी हवंय तो. पण नळ सोडला की धो धो पाणी येणाऱ्या या देशात कुणाला पाणी भरून ठेवायची गरज पडावी?

कॉलिनला दुपारपर्यंत चहा मिळाला नव्हता. शंतनुला पायरीवर कसलाही आवाज आला नव्हता. पाणी नव्हतंच. ज्यानं नळ उघडला, त्यानं कोरडा नळ उघडला होता. ग्रॅहमनं किंवा इथल्या कुणीही असा कोरडा नळ पुन्हा बंद केला असता आणि चरफडत निघून गेला असता. तो उघडा टाकून, खाली बादली लावून, पाणी आलं की आवाजानं कळेल म्हणून थांबणारं माणूस वेगळं. नळाला पाणी यायच्या वेळा सांभाळत ज्याचा जन्म गेला, पहाटे बादलीत पडणाऱ्या पहिल्या धारेच्या आवाजानं जे झोपेतून उठून बसतं, ते माणूस.

असं माणूस भाऊसाहेबांच्या शेजारी इतकी वर्षं झोपत होतं.

ते घरी आले. शंतनु आणि गार्गी बाजारात गेले होते. वनिताबाई लसूण सोलत बसल्या होत्या. भाऊसाहेब समोर बसले आणि त्यांनी एक पाकळी हातात घेतली.

"बागेतल्या नळाला पाणी नव्हतं ना त्या दिवशी?"

वनिताबाईंच्या हातातली सुरी थांबली.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून आत जाऊन बघितलं. तिथेही नव्हतं. मला वाटलं, पोरं शाळेतून तहानलेली येतील, घरात थेंब नाही. पाणी आलं की भरून ठेवावं म्हणून पातेली काढली, नळ सोडून ठेवला. तेवढ्यात गार्गीनं फाटकाशी हॉर्न वाजवला, डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ झाली होती. मी कुंडीखाली किल्ली ठेवली आणि धावले. नळ पार विसरले हो. संध्याकाळी फोन आला तेव्हा आठवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "शंतनुचं एवढं नुकसान केलं म्हणू? नुसतं नुकसान असतं तर रागावला असता आणि विसरला असता. पण उद्यापासून म्हणतील, आईचं वय झालं, तिला कुठे एकटीला पाठवू नका, गॅसला हात लावू देऊ नका. गार्गी चांगली आहे हो, काळजीनंच म्हणेल. मग मी इथे दिवसभर सोफ्यावर बसून काय करू? मला ती एक जागा होती."

"आणि सिनाला हे एक घर आहे," भाऊसाहेब म्हणाले.

वनिताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडायला लागल्यावर एरवी भाऊसाहेब शब्द मागे घ्यायचे. या वेळी त्यांनी घेतले नाहीत.

"गुरुवारी सगळे तिच्याकडे जमणार आहेत. ग्रॅहम कागद घेऊन येतोय. मी काय घडलं ते सांगेन, कुणी केलं ते नाही सांगणार. ते तुझं तू ठरव."

"मी नाही यायची," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यानंतर गुरुवारपर्यंत त्या घरात त्या विषयावर एक शब्द झाला नाही.

६

सिनाच्या स्वयंपाकघरात चौघं बसले होते. ग्रॅहमनं कागद टेबलावर ठेवला आणि शंतनुपुढे पेन सरकवलं. सिना हात मांडीवर घेऊन बसली होती.

"सही व्हायच्या आधी मला थोडं बोलायचंय," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचं इंग्रजी सरकारी थाटाचं होतं, पण स्वच्छ. बूच, बादली, पातेली, खणलेला रस्ता, सगळं त्यांनी एकापुढे एक मांडलं. सिना निघाली तेव्हा पाणी चालू होतं, म्हणजे तिला कोरड्या नळाखाली बादली लावायचं कारणच नव्हतं. तिनं नळ सोडलेला नाही. घर बुडवायलाही कुणी सोडलेला नाही. तिच्या मुलांना पाणी मिळावं म्हणून कुणीतरी सोडला आणि मग विसरलं.

"ओके, शेरलॉक-गिरी पुरे," ग्रॅहम म्हणाला. "कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते सांगणं माझं काम नाही," भाऊसाहेब म्हणाले. शंतनु त्यांच्याकडे बघायला लागला. बादली, पातेली, पाणी भरून ठेवणं. त्याचंही लहानपण पुण्यातल्या त्याच घरात, नळाच्या वेळा सांभाळत गेलं होतं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि त्यानं तोंड उघडलं. पण त्याआधीच मागचं दार वाजलं.

वनिताबाई एकट्याच चालत आल्या होत्या. धाप लागली होती, पायांत गार्गीच्या जँडल्स, साडी एका बाजूला खोचलेली. त्या कुणाकडेही न बघता सरळ सिनापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आय डिड," त्या म्हणाल्या. "टॅप. मी. नो वॉटर, सो आय ओपन. देन आय फर्गेट. व्हेरी बिग मिस्टेक. युअर हाऊस..." पुढचं इंग्रजी संपलं. त्यांनी हात जोडले.

ग्रॅहम आधी सावरला. त्यानं पेनानं टेबलावर टकटक केलं. "सॉरी, आंटी, वाईट वाटतं. पण यानं काही बदलत नाही. किल्ली सिनानंच तिथे ठेवली होती ना? म्हणजे ही तिची पाहुणी. पाहुण्यानं केलेलं भाडेकरूनं केल्यासारखंच."

"ती पाहुणी नाही, ग्रॅहम. माझी आई आहे," शंतनु म्हणाला. "मालकाच्या आईनं घराचं नुकसान केलं, मालकानं भरायचं. जमीन मी करून देतो." त्यानं पेन उचललं, टोपण लावलं आणि ग्रॅहमच्या खिशाला अडकवून दिलं. "माझी सही नाही मिळणार. उद्या घर तिचं."

"यू आर मॅड, मेट. किती सोडतोयस कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच आठवडाभर झोप नव्हती. आज लागेल."

ग्रॅहमनं कागदाची घडी केली, चौघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि 'स्वीट ॲज', म्हणजे 'ठीक आहे', असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. त्या दोघांची भागीदारी तिथेच संपली.

शंतनु उठून आईजवळ गेला. "आई, मला का नाही सांगितलंस गं? मी ओरडलो असतो?"

"तू नसतास ओरडला, म्हणूनच," वनिताबाई म्हणाल्या. शंतनुला ते कितपत कळलं कोण जाणे, पण त्यानं त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

भाऊसाहेबांना मात्र एक हिशोब अजून लागत नव्हता. "सिना," त्यांनी विचारलं, "मी संशय कुणावर म्हणून विचारलं, तेव्हा तू ग्रॅहमचंही नाव घेतलं नाहीस. तुला माहीत होतं?"

सिनानं होकारार्थी मान हलवली. "बादली बघितली तेव्हाच कळलं, पापा. आमच्या गावीही पाणी असंच यायचं, कधीतरी. माझी आजी अशीच नळ सोडून, भांडी मांडून बसायची. या रस्त्यावर असं करणारं दुसरं कोण आहे?"

"मग बोलली का नाहीस? उद्या मुदत संपत होती."

"उद्या सकाळी बोलणार होते. घर सोडणार नव्हते मी, माझी मुलं आहेत." सिना वनिताबाईंकडे बघत होती. "पण मी सांगितलं असतं, तर मामा पुन्हा या दारात आली नसती. लाजेनं आली नसती. म्हणून मी तिची वाट बघत होते. रोज कामावरून आले की आधी मागचं अंगण बघायचे."

ती इंग्रजीत आणि भरभर बोलली होती. वनिताबाईंना त्यातलं 'मामा' तेवढं कळलं. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, काय म्हणाली ती? सांगा ना."

भाऊसाहेबांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना ते मराठीतसुद्धा चटकन सांगता येईना.